राजा कुणी मारत नाही

बुद्धिबळाचा पट काढा. लाकडी असेल तर उत्तम, गुंडाळी करायचा प्लॅस्टिकचा असला तरी चालेल. मोबाइलवरचा मात्र नको. का नको, ते ओघात येईल. सोंगट्या सध्या पिशवीतच राहू द्या.

शहाडला राहणाऱ्या माणसाला निवांत अर्धा तास मिळणं सोपं नाही. कल्याणला लोहमार्गाचा फाटा फुटतो आणि कसाऱ्याच्या बाजूचं पहिलं स्टेशन शहाडच. टिटवाळा, आसनगाव, कसारा, सगळ्या गाड्या इथूनच पुढे जाणार, लांब पल्ल्याच्याही. शिवाय मुरबाड रोडचे हॉर्न. हे सगळं थांबायची वाट पाहू नका. गाडी आली की ऐका, गेली की पटाकडे परत या. आज डाव खेळायचा नाही, त्यामुळे घड्याळ कुणाच्याच मागे लागलेलं नाही. फक्त राजाचे नियम बघायचे आहेत. ते तुम्हाला लहानपणापासून पाठ असतील. तरी एकेक करून, हाताने सोंगटी हलवत, पुन्हा बघू.

एकटा राजा

पांढरा राजा काढा आणि कोपऱ्यातल्या घरात ठेवा. त्याला किती घरांत जाता येईल, बोटाने मोजा. तीन. आता त्याला कडेच्या रांगेत मधोमध आणा. पाच. आता पटाच्या मध्यावर ठेवा. आठ. राजा तोच, त्याची ताकदही तीच. तो उभा कुठे आहे, एवढंच बदललं.

आता त्याला खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे तिरका चालवा. एक घर. थांबा. आणखी एक घर. थांबा. आषाढी एकादशीला इथल्या बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या दर्शनरांगेत उभे राहिला असाल, तर ही चाल तुमच्या पायांना ठाऊक आहे: सरकायचं ते एकच पाऊल, आणि पुन्हा उभं राहायचं. सात चालींत राजा पोचतो. आता त्याच कोपऱ्यातून निघून त्याला कडेकडेने सरळ न्या. पुन्हा सातच. शाळेच्या भूमितीत कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. पटावर राजाला दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या.

रिचर्ड रेटी या खेळाडूने १९२१ साली याच गोष्टीवर एक छोटी रचना मांडली. पटावर चारच सोंगट्या. काळं प्यादं एका कडेने वजीर व्हायला पळतंय आणि पांढरा राजा त्याच्या दोन पावलं मागे पडलाय. पांढऱ्याचंही एक प्यादं आहे, पण ते पटाच्या दुसऱ्या बाजूला आणि काळ्या राजाच्या तावडीत. सरळ पाठलाग केला तर राजा कधीच पोचत नाही. म्हणून तो तिरका चालतो. त्याच्या प्रत्येक पावलाने शत्रूचं प्यादंही जवळ येतं आणि आपलंही. काळ्याला दोन्ही गोष्टी एकदम अडवता येत नाहीत, आणि हरलेला दिसणारा डाव बरोबरीत सुटतो.

इथे थोडं थांबा. ज्याला उशीर झालाय त्याने पळून उपयोग नाही, त्याचा वेग ठरलेला आहे. त्याच्या हाती फक्त दिशा आहे. तुमच्या आयुष्यातली उशीर झालेली एखादी गोष्ट मनाशी आणा. तिच्यामागे तुम्ही सरळ रेषेत धावताय का? दोन कामं एकाच पावलात जवळ येतील अशी एखादी तिरकी वाट तिथे आहे का? उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल.

दुसरा राजा

आता काळा राजा काढा आणि पांढऱ्याच्या शेजारी ठेवून बघा. हात आपोआप अडखळेल. दोन राजे शेजारच्या घरांत येऊच शकत नाहीत. मध्ये निदान एक घर रिकामं राहतंच. त्यांना समोरासमोर ठेवा, मध्ये ते एक घर सोडून. खेळाडू याला अपोझिशन म्हणतात. अशा वेळी ज्याची चाल असेल त्याला बाजूला सरावं लागतं, आणि दुसरा पुढे घुसतो. एरवी आपली पाळी कधी येते म्हणून माणूस वाट बघतो. इथे पाळी येणं हाच तोटा, आणि ती सोडून देण्याची सोय बुद्धिबळात नाही.

आता एक अवघड गोष्ट मांडू. पांढऱ्या राजाच्या पुढच्या घरात पांढरा घोडा ठेवा. त्याच रेषेत लांबवर काळा हत्ती. घोडा जखडला गेला. तो हलला की राजा हत्तीच्या तोंडी. आता सांगा, या घोड्याच्या माऱ्यातल्या घरात काळा राजा जाऊ शकेल का? शिकणारी मुलं हमखास म्हणतात, जाईल की, घोडा कुठे हलतोय! नियम म्हणतो, नाही. हलता न येणारा मोहराही शत्रूच्या राजाचा रस्ता अडवतो.

का, ते मनातल्या मनात खेळून पाहा. राजा मारायची परवानगी असती, तर घोड्याने उडी मारून काळा राजा घेतला असता. मग काळा हत्ती पांढऱ्या राजावर धावला असता, पण तोवर डाव संपला होता. म्हणजे नियमामागे एक लढाई आहे, पण ती फक्त खेळणाऱ्याच्या डोक्यात होते. पटावर ती कधीच होत नाही. राजाचे सगळे नियम या न झालेल्या लढाईतून आले आहेत.

शह

काळा राजा असू द्या. दूरवर, त्याच रांगेत, पांढरा हत्ती ठेवा. शह. यावर इलाज तीनच: शह देणारा मोहरा मारायचा, मध्ये आपला मोहरा आड घालायचा, नाहीतर राजाने घर सोडायचं. तुमचं मन आधी कुठे गेलं ते बघा. बहुतेकांचं राजा हलवण्याकडे जातं. अंगावर आलं की माणूस आधी जागा सोडतो. आड घालायला कुणी आहे का, हे नंतर सुचतं. मूळ कारणच मारून टाकता येईल का, हे त्याहून उशिरा. दोन मोहऱ्यांनी एकदम दिलेला दुहेरी शह असेल, तर मात्र जागा सोडणं हा एकच इलाज उरतो.

आणि शह दिसलाच नाही तर? वाड्यात, जिन्यात, शाळेच्या मधल्या सुट्टीत याचा निकाल झटपट लागायचा. समोरचा राजा उचलून ओरडायचा, ‘राजा खाल्ला!’ फिडे म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला. त्याच्या नियमावलीत याला जागा नाही. आपला राजा माऱ्यात ठेवायचा नाही, चाल करून त्याला माऱ्यात आणायचं नाही, आणि समोरच्याचा राजा मारायचाही नाही. तिन्ही गोष्टी एकाच दमात निषिद्ध. पहिल्या दोन चुका माझ्याकडून होऊ शकतात, पण तिसरीचा मोह समोरच्याला होतो. नियमाने दोघांनाही बांधलं.

मग चूक झाली तर काय होतं? पट चुकीच्या आधीच्या स्थितीला परत नेतात. प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा मिळतात. चुकणाऱ्याने पुन्हा नियमाला धरून चाल करायची, आणि शक्य असेल तर हात लावलेल्या त्याच मोहऱ्याने. दुसऱ्यांदा तीच गफलत झाली तर सामान्यतः डाव गेला. शिक्षेतला हा क्रम बघा. आधी तुमच्याकडून फक्त वेळ जातो, आणि जे दिसलं नव्हतं ते पुन्हा बघायची संधी मिळते.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये रियाधला अतिजलद बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा होती. मॅग्नस कार्लसनने हत्तीने शह दिला. अर्नेस्टो इनार्किएव्हने तो न सोडवताच घोड्याने उलटा शह दिला. काटशह देता येतो, पण आधी आपल्या राजावरचा शह सुटला पाहिजे. कार्लसनच्याही ते ध्यानात आलं नाही. त्याने आपला राजा बाजूला घेतला. तेव्हा इनार्किएव्हने घड्याळ थांबवून दावा केला, की माझी चाल चुकली असताना तुम्ही पुढची चाल केली, म्हणून तुमचीच चाल नियमबाह्य. पंचांनी आधी त्याला डाव दिला, मग निर्णय फिरवून आहे तिथून खेळा म्हणून सांगितलं. इनार्किएव्हने खेळायला नकार दिला आणि डाव कार्लसनला गेला. त्या क्षणी पटावर एक राजा उघडा पडला होता आणि जगातले दोन कसलेले डोळे त्याच्याकडे बघत असूनही तो दोघांना दिसला नव्हता.

आता मोबाइल का नको, ते सांगतो. गाडीत उभ्याउभ्या आपण बुद्धिबळ खेळतो तेव्हा राजाला माऱ्यातल्या घरात सरकवायला गेलो तर तो सरकत नाही. बोट उचललं की जागेवर परत. बघण्याचं काम यंत्र आपल्यासाठी करतं. लाकडी पटावर हात कुणी धरत नाही. पुठ्ठ्याला आणि लाकडाला नियम ठाऊक नसतो. राजा कुणी मारणार नाही हे एकदा ठरलं, की तो धोक्यात आहे हे वेळेत ओळखण्याचं ओझं खेळणाऱ्यावर येतं. मारून दाखवायची मुभा असती तर समोरच्याच्या हातानेच आपल्याला धडा मिळाला असता.

हा विचार थोडा वेळ पटावर राहू द्या. तुमच्या घरात, कामात, तब्येतीत अशी कुठली गोष्ट आहे, जी गेल्यावर कळून उपयोग नाही? तिच्याकडे शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?

उडी आणि कोट

आपल्याकडच्या जुन्या, देशी बुद्धिबळात राजाला एक सवलत होती. संपूर्ण डावात एकदा त्याला घोड्याची चाल करता यायची, अडीच घरांची उडी. अट एकच: तोपर्यंत त्याला शह बसलेला नसावा. एकदा शह बसला की उडी गेली, मग तो शह सुटलेला असला तरी. या देशी खेळात तयार झालेला पंजाबचा मीर सुलतान खान पुढे विलायतेला जाऊन नवे नियम शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ या वर्षी ब्रिटिश विजेता झाला. त्याच्या कितीतरी आधी, १८१४ साली, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृत ग्रंथ युरोपी पद्धतीला जुळवून घेऊन केलेलं ते पुस्तक होतं. दोन पट तेव्हापासूनच एकमेकांना भेटत होते.

युरोपी पटावर उडीच्या जागी किल्लेकोट आला. आपला राजा आणि हत्ती मूळ घरांत ठेवा, मधली घरं रिकामी. राजा दोन घरं हत्तीकडे, हत्ती त्याच्यावरून पलीकडे. आधी हात राजाला लावायचा. हत्तीला आधी लावलात तर त्या बाजूचा कोट गेला. राजा किंवा तो हत्ती आधी हलला असेल तर कोट नाही. राजाला शह असताना कोट नाही. राजा ज्या घरावरून जाणार ते माऱ्यात असेल तर नाही, ज्या घरात पोचणार ते माऱ्यात असेल तरीही नाही. हत्ती मात्र माऱ्यात असला तर चालतो. १९७४ साली कारपोव्हविरुद्धच्या सामन्यात कोर्चनॉयसारख्या मुरलेल्या खेळाडूने नेमकं हेच पंचांना विचारून खात्री करून घेतली होती.

आता उडी आणि कोट शेजारी ठेवून बघा. दोन्हींचा गाभा एक: सुरक्षिततेची तजवीज संकटाच्या आधी. ऐन शहात ना उडी, ना कोट. पण पुढे दोघांचे रस्ते वेगळे होतात. देशी नियमात एकदा बसलेला शह राजाची उडी कायमची हिरावून घेतो. युरोपी नियम विचारतो, शह बसला तेव्हा तू जागेवरून हललास का? आड मोहरा घालून शह निभावला असेल आणि राजा हलला नसेल, तर कोटाचा हक्क शाबूत.

दोन्ही नियमांत शहाणपण आहे. काही भीती एकदा बसल्या की माणसाची उडी खरोखरच संपते. आणि काही प्रसंगांत, कुणीतरी आड आलं म्हणून आपण न हलता तरून जातो आणि पुढचे रस्ते उघडे राहतात. तुमच्यासाठी असं कोण आड आलं होतं? त्या माणसाचं नाव मनाशी घ्या. पटावर राजासमोर एक घोडा किंवा उंट ठेवा आणि क्षणभर त्या मोहऱ्याकडेच बघा.

कोंडी

पट मोकळा करा. काळा राजा वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा. त्याच्या तिरक्या शेजारघरात पांढरा वजीर आणि वजिराच्या लगेच खाली, पाठीशी, पांढरा राजा. काळ्याला शह आहे, पळायला घर नाही, वजिराला मारता येत नाही कारण त्याला राजाचा जोर आहे. मात. डाव इथेच संपतो. राजा अजून पटावर उभा आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही.

आता तो वजीर एकच घर उजवीकडे सरकवा. काळ्या राजाला शह नाही. पण जायला घरही नाही, आणि चाल तर त्याचीच आहे. हे स्टेलमेट, आजच्या नियमाने बरोबरी. एका घराच्या फरकाने हार टळली.

या कोंडीचं काय करायचं, यावर माणसांचं शतकानुशतकं एकमत नव्हतं. जुन्या अरबी-फारसी शतरंजात कोंडी करणारा जिंकायचा. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या उंबरठ्यापर्यंत कोंडी करणारा चक्क हरायचा. तुमच्या मनाला कुठला निकाल पटतो? कोंडलेला माणूस आणि मारा होत असलेला माणूस यांत फरक करावा असं वाटतं का? आजचा नियम तो फरक करतो. ज्याच्यावर घाव येत नाही, पण ज्याची प्रत्येक वाट बंद झाली आहे, त्याला तो हरलेला म्हणत नाही. जिंकत असलेल्यालाही तो बजावतो, की समोरच्याला श्वासापुरती जागा ठेव, नाहीतर जिंकलेलं हातचं जाईल.

राजा मारला जाणारा खेळही आपल्या देशात होता. चौघांनी फासे टाकून खेळायच्या चतुरंगाचं वर्णन अकराव्या शतकात अल बेरुनीने केलं आहे, आणि बंगालच्या रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्वा’तही ते येतं. त्या खेळात राजा इतर मोहऱ्यांसारखाच मारता यायचा आणि डाव पुढे चालू राहायचा. कुठला मोहरा हलणार हे फासा सांगायचा, तेव्हा न दिसल्याचा दोष अर्धा फाशावर टाकता यायचा. दोघांच्या बुद्धिबळातून फासा गेला आणि दोष द्यायला कुणी उरलं नाही. मूळ पैठणच्या, काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात राजनीतीवर ‘नीतिमयूख’ लिहिला, त्यात बुद्धिबळाचंही विवेचन केलं. राजनीतीच्या ग्रंथात या खेळाला जागा मिळाली ती उगाच नाही.

देशी खेळात विजयालाही प्रती होत्या. सगळ्यांत मानाची प्यादेमात: शेवटचा शह सर्वांत लहान मोहऱ्याने द्यायचा. समोरच्याचं सगळं लुटून त्याचा राजा एकटा उरवला, की ती बुर्जी. बुर्जीपेक्षा मात मोठी. समोरचा किती कंगाल झाला याला फारशी किंमत नव्हती.

चाल

आता दोन्ही राजे ठेवा आणि दोन्हीकडे दोन-तीन प्यादी. बाकी काही नको. डावाच्या सुरुवातीला आपण राजाला कोपऱ्यात लपवतो. मोहरे कमी झाले, वजीर गेले, की त्यालाच बाहेर काढावं लागतं. अशा शेवटात जो आपला राजा कोपऱ्यातच ठेवतो तो बहुधा हरतो. आठ घरांवर सत्ता चालवणारा मोहरा तिथे तीन घरांत बसून राहतो.

कधी कधी राजा गर्दीतही निघतो. १९९१ साली टिलबर्गला नायजेल शॉर्टने यान टिमनविरुद्ध, पटावर वजीर आणि हत्ती असताना, आपला राजा एकेक घर पुढे चालवत नेला. टिमनचे मोहरे असे अडकले होते की त्यांना या राजाला शह देता येत नव्हता. चौथ्या पावलाला टिमनने डाव सोडला. आणि १९१२ साली लंडनला एडवर्ड लास्करने सर जॉर्ज थॉमस यांचा राजा त्याच्या किल्ल्यातून ओढत पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आणला. मात झाली ती लास्करच्या राजाच्या एका पावलाने: तो बाजूला सरला आणि मागच्या हत्तीची वाट उघडली.

एक राजा स्वतः चालला, दुसरा ओढला गेला. चाल दोघांचीही एकेक घराचीच होती. शॉर्टने निघण्याआधी पुढच्या प्रत्येक घराकडे पाहून ठेवलं होतं, कुणाचा मारा कुठे पोचतो ते मोजलं होतं. त्याच्या धाडसाचा पाया ही मोजणी होती. सगळे मोहरे मरायला मोकळे असतात. वजीरसुद्धा बळी देता येतो, आणि त्याची वाहवा होते. राजाला ती मोकळीक नाही. त्याला शौर्य दाखवायचं असेल तर ते डोळे उघडे ठेवूनच दाखवावं लागतं.

आता शेवटची गोष्ट, आणि ती पुढच्या खऱ्या डावासाठी. दोन्ही हात टेबलाखाली ठेवा. मोहऱ्याला हात लावला की तोच चालवावा लागतो, म्हणून बघणं हाताच्या आधी झालं पाहिजे. प्रत्येक चालीआधी तीन प्रश्न, याच क्रमाने: समोरच्याच्या आत्ताच्या चालीने काय उघडलं? माझा राजा कुणाच्या रेषेत आहे? मी हा मोहरा हलवला तर त्याच्यामागून काय दिसू लागेल? सुरुवातीला याने खेळ संथ होईल, समोरचा कंटाळून सुस्कारे टाकेल. टाकू द्या. काही डाव तरीही हराल. पण मात झाली तर ती तुम्हाला समोरच्याइतकीच स्पष्ट दिसेल, राजा उचलून ‘खाल्ला’ असं कुणाला ओरडावं लागणार नाही, आणि हात मिळवून दोघांना लगेच त्याच पटावर सोंगट्या पुन्हा मांडता येतील.